बिनहाकेची कुत्री

तमाम लोकांस या मजकुराद्वारे कळविण्यात येते की, तेलगावात राहणारे आणि तालुक्याच्या कोर्टातून निवृत्त झालेले एक पट्टेवाले, ऐन कापसाच्या हंगामात, कोणतीही पूर्वसूचना न देता, गप्प झाले. सदर घटना अत्यंत गंभीर असून, तिची टिंगल करणाऱ्या इसमांनी त्यांचा आवाज कधीच ऐकलेला नाही, असे गृहीत धरण्यात येईल.

मी ऐकला होता. मी त्यांचा भाडेकरू होतो.

तेव्हा मी एका जिनिंगवर काट्यावर बसायचो. कापसाच्या गाड्या यायच्या, मी वजन सांगायचो, शेतकरी मला शिव्या द्यायचे आणि संध्याकाळी मी काकांच्या गच्चीवरच्या खोलीत येऊन पडायचो. गल्ली त्यांना कोर्टकाका म्हणायची. अंगकाठी पऱ्हाटीसारखी, वाळकी आणि ताठ. आवाज मात्र असा, की साखर कारखान्याच्या भोंग्यानं ऐकला असता तर लाजून बंद पडला असता.

एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा. तीनदा. तिसऱ्या पुकाऱ्यालाही माणूस आला नाही, की आत जाऊन सांगायचं, "गैरहजर." बाकी कायदा वगैरे त्यांच्या मते मागाहूनची गोष्ट. "न्याय साहेब देतात," ते म्हणायचे, "पण माणूस हाय का न्हाई, हे आपण ठरवतो." पहिल्या पुकाऱ्याला येतो तो भोळा, दुसऱ्याला येतो तो वकिलाला विचारून आलेला आणि तिसऱ्याला येतो तो कँटीनच्या मागं लपलेला, अशी त्यांनी मनुष्यजातीची वाटणी करून ठेवली होती. मी तिसऱ्यात मोडत होतो.

निवृत्त झाल्यावर व्हरांडा गेला, पुकारा राहिला. पहिल्यांदा त्यांनी तो बायकोवर चालवून पाहिला. चहा हवा असला की ओट्यावर उभं राहून काकूंचं नाव, पुढं 'जौजे' म्हणून स्वतःचं नाव, आणि 'हाजिर होऽऽ'. काकूंनी दोन दिवस सहन केलं. तिसऱ्या दिवशी हातात पोळपाट घेऊन बाहेर आल्या आणि अख्ख्या गल्लीसमोर म्हणाल्या, "घरात पुकारा करायचा न्हाई. मी काय फरार हाय का?"

मग माझा नंबर लागला. माझं नाव, 'वल्द' करून वडलांचं नाव, गावासकट. एकदा मी तोंडाला साबण लावून न्हाणीत होतो. तीन पुकारे झाले, मी ओरडून सांगितलं, आलो, आलो. खाली आलो तर काका माझा चहा परत पातेल्यात ओतत होते. "गैरहजर," ते म्हणाले. "चहा खारीज."

कुत्री आली ती या उपासमारीतून. आमच्या गल्लीतलं औषधाच्या दुकानाचं जोडपं लेकीच्या बाळंतपणाला लातूरला निघालं आणि त्यांची स्वीटी नावाची पांढरी, केसाळ, बिस्किटावर वाढलेली कुत्री तीन महिने ठेवायची कुणाकडं, हा प्रश्न पडला. काकांनी ती मागून घेतली. माणसांना वाटलं, म्हाताऱ्याला भूतदया सुटली. मला खरं कारण माहीत होतं. कुत्र्याला नाव असतं, मालक असतो, आणि वकील नसतो. पुकाऱ्यासाठी यापेक्षा चांगला पक्षकार मिळणं नाही.

एकीची बातमी झाली आणि दुसरी कुत्री येऊ लागली. सभापती निवडणुकीच्या गडबडीत होते, म्हणून त्यांचा टायगर आला. टायगर हा सोनेरी, लठ्ठ, परदेशी जातीचा प्राणी शेळीला घाबरायचा. रस्त्यापलीकडचा किसन आणि त्याची बायको दसरा झाल्यावर ऊसतोडीला कारखान्यावर गेले, तेव्हा त्यांचा काळ्या बंद दारासमोर एकटाच बसून राहिला. काका स्वतः जाऊन त्याला गळ्यात दोरी घालून घेऊन आले. ओट्यावरच्या दरवाजावर कोर्टात लावतात तसा रोजचा बोर्ड लागू लागला. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. 'टायगर वल्द सभापती, हाजिर होऽऽ!' टायगर 'टा' म्हणायच्या आत ताटलीत. स्वीटी तिसरा पुकारा संपून वर थोडी वाट बघायला लावून यायची. काळ्या मात्र रोज सकाळी निसटून आपल्या बंद घरासमोर जाऊन बसायचा. त्याची भाकरी रोज पातेल्यात परत जायची आणि दुपारी काकू ती पदराखाली झाकून त्याला तिथं नेऊन घालायच्या. कोर्टाला हे माहीत नव्हतं, असं कोर्ट दाखवायचं.

दिवाळीनंतर एक दिवस दारात टेम्पो थांबला. त्यात पाय लांब करून बसलेला रखमाजी होता आणि मागं दोन कुत्री उभी होती.

रखमाजी हा काकांचा एकुलता एक मित्र. मेंढरं राखणारा. कधीकाळी चराईच्या भांडणातून त्याच्यावर दावा लागला होता आणि त्याच्या इतक्या तारखा पडल्या, की काकांनी त्याचं नाव जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा त्याच्या आईनंही घेतलं नसेल. तारखेला तो कोर्टाच्या लिंबाखाली बसायचा, जेवणाच्या सुट्टीत काका त्याच्या शेजारी जाऊन डबा सोडायचे. दावा कसा निकाली निघाला ते दोघांनाही आठवत नव्हतं. दोस्ती राहिली.

विहिरीच्या कडेवरून घसरून रखमाजीच्या मांडीचं हाड मोडलं होतं. आत रॉड टाकला होता. मेंढरं त्याच्या मेव्हण्यानं आपल्या मेंढरांत घालून उमापूरकडं नेली होती, पण मेव्हण्याच्या कुत्र्यांनी ही दोन्ही फाडायला काढली, म्हणून ही मागं राहिली. उंच, पोट खपाटीला गेलेली, मातकट रंगाची. एकाचा अर्धा डावा कान लांडग्यानं नेलेला. ती टेम्पोतून उतरली, कुणाकडं बघितलं नाही, कुंपणाच्या बाभळीखाली जाऊन रस्त्याकडं तोंड करून बसली.

"चार म्हैने," रखमाजी म्हणाला. "पन तीन गोष्टी करायच्या न्हाईत काका. हात लावायचा न्हाई. दूधभात घालायचा न्हाई, जवारीची कोरडी भाकर आन पानी. आन हाक मारायची न्हाई."

"नावं तरी सांगा."

"नावच सांगत न्हाई. तुमचा आवाज मला म्हाईत हाय. तुमी हाक मारली का कुत्रं वाटलं जातं. निम्मं तुमचं, निम्मं माजं." त्यानं पायावरचं धोतर सारखं केलं. "निम्म्या कुत्र्याला लांडगा भेत न्हाई."

काका गंभीर झाले. रखमाजीचं पोट त्या मेंढरांवर, मेंढरं या दोन कुत्र्यांवर. त्यांनी उजवा हात वर करून, साक्षीदार घेतात तशी शपथ घेतली. बोर्डावर त्या दिवसापासून खाली दोन ओळी कोऱ्या राहू लागल्या.

आता मी सांगतो ते मी वरच्या गच्चीवरून पाहिलेलं आहे आणि त्यात मीठमसाला अगदी चवीपुरता आहे. काकांनी शपथ अशी पाळली, की कुत्र्यांना काय, आम्हालाही त्यांची भीती वाटू लागली. भाकरी बाभळीखाली ठेवायची आणि पाठ फिरवून निघून यायचं. गल्लीतल्या कुणी त्यांना सहज 'मोत्या' म्हटलं की काका ओठांवर बोट ठेवून धावत जायचे. बोलायची वेळ आली की 'ते बाभळीखालचे' म्हणायचे. एकदा त्यांतला कानतुटका ताटलीजवळ आला आणि काका चुकून "अहो" म्हणाले. लगेच जीभ चावली. ही हाक झाली की काय, म्हणून अर्धा तास बेचैन.

"नाव न घेता चाळीस वर्सं संसार केला मी," काकू आतून म्हणाल्या. "तुमाला चार म्हैने जमंना?"

पण मेंढरांची कुत्री ती. बसून खाणं त्यांना माहीत नव्हतं. आठ-दहा दिवसांत त्यांनी अंगणात काय काय आहे ते पाहून घेतलं आणि ही मेंढरंच असावीत असा निष्कर्ष काढला. एका शनिवारी सभापतींचा ड्रायव्हर टायगरसाठी उकडलेली अंडी घेऊन आला, तर टायगर, स्वीटी आणि काळ्या अंगणाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसलेले, आणि दोन बाजूंना ही दोघं पहारा देत उभी.

"काका, आमच्या टायगरला कोपऱ्यात काहून बसिवलं?"

"बसवलं न्हाई. वळलं."

"म्हंजे?"

"मेंढरू समजून."

ड्रायव्हर घाबरला. "मी साहेबाला काय सांगू आता?"

"सांगा, कळपात हाय," काका म्हणाले. "साहेबाला त्याचंच तर महत्त्व हाय."

मग तो दिवस आला, ज्याबद्दल काकांनी मला नंतर निदान वीस वेळा सांगितलं असेल. सकाळचा पुकारा चालू होता. काळ्या नेहमीप्रमाणे गायब. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्या 'हाजिर होऽऽ'ला बाभळीखालचा कानतुटका उठला, अंग झाडलं आणि रस्ता ओलांडून निघून गेला. पंधरा मिनिटांनी काळ्या मान खाली घालून पुढं, आणि दोन हात अंतर ठेवून हा मागं. काळ्याला ताटलीपाशी सोडलं आणि आपण पुन्हा बाभळीखाली.

"वॉरंट बजावलं!" काका ओट्यावर नाचायचे तेवढे राहिले. "अहो, एकतीस वर्सांत एका बेलिफानं असं वॉरंट बजावलेलं बघितलं न्हाई मी! कुनाचं काय ऐकून न घेता, चहा न पिता!"

आठ दिवस कोर्ट असं चाललं, की कुठं चालत नसेल. तिसरा पुकारा व्हायचा, गैरहजर पक्षकार हजर केला जायचा. स्वीटीसुद्धा, जिला औषधवाल्यांनी कधी जमिनीवर पाय ठेवू दिला नव्हता, दुसऱ्या पुकाऱ्याला धावत येऊ लागली. गल्ली ओट्यासमोर जमायची. चहाच्या हॉटेलातली माणसं पेला हातात घेऊन यायची. काकांचा आवाज दोन पट्ट्या वर चढला होता.

नवव्या दिवशी मी पायऱ्या उतरत होतो. काकांनी स्वीटीचा पहिला पुकारा केला आणि दुसऱ्यासाठी छाती भरली. तेवढ्यात बाभळीखालची दोघंही उठून उभी राहिली. कुठं गेली नाहीत. नुसती काकांच्या तोंडाकडं बघत राहिली. काकांनी भरलेला श्वास तसाच सोडून दिला आणि खाली बसले. चेहरा पांढराफटक.

"काय झालं काका?"

"ती माझ्याकडं बघायलीत," ते अगदी हळू म्हणाले. इतकं हळू बोलता येतं हे त्यांनाही नवीन असावं. "हुकूम इचारायलीत. मी त्यांला हाक मारली न्हाई, पण ती माझ्या आवाजावर कामाला लागलीत. रखमाजीची कुत्री मी वाटून घेतली हो."

आणि त्या सकाळपासून ते गप्प झाले. बोर्ड उतरवला. ताटल्या न वाजवता मांडल्या जायच्या. बाजारात ते वांग्याचा भाव कुजबुजत विचारायचे आणि भाजीवाली त्यांना आजारी समजून वांगं जास्त घालायची. घरात मात्र ते काकूंशीसुद्धा हातवाऱ्यांनी बोलायचे, कारण बाभूळ खिडकीपासून सात पावलांवर होती. पहिल्या आठवड्यात काकू खूश होत्या. "घरात रेडिओ हाय हे आज कळलं," असं त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी रेडिओ लावणं बंद केलं. तिसऱ्या आठवड्यात मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "एखांदी शिवी तरी द्यायला सांगा की त्यांला. घर खायला उठतंय."

त्याच सुमाराला स्वीटी रस्त्यावर गेली. तेलगावचा रस्ता म्हणजे हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, एकेकाला मागं दोन ट्रॉल्या. ती मधोमध बसून अंग चाटत होती आणि समोरून ट्रॅक्टर येत होता, गाणी लावून. काका ओट्यावर होते. एक पुकारा पुरेसा होता. त्या आवाजानं स्वीटी काय, ट्रॅक्टर उभा राहिला असता. काकांनी तोंड उघडलं, बाभळीकडं पाहिलं, तोंड मिटलं आणि धावले. पासष्टीचा माणूस, एका पायात चप्पल. त्यांनी तिला उचलून पलीकडच्या कडेला झेप घेतली, दोन्ही गुडघे सोलून निघाले, आणि ट्रॅक्टरवाल्यानं त्यांच्या आईबापाचा उद्धार केला तोही त्यांनी मुकाट ऐकून घेतला.

काकूंनी हळद लावता लावता विचारलं, "तोंड उघडलं असतं तर दात पडनार होते का?"

काकांनी खिडकीकडं बोट दाखवलं. ती दोघं बाभळीखाली बसून रस्त्याकडं बघत होती.

मी म्हणालो तसा मी तिसऱ्या पुकाऱ्याचा माणूस, म्हणजे लपून बघणारा. एक दिवस जिनिंगवरून दुपारीच सुटलो आणि कालव्याच्या बाजूनं सायकलवर येत होतो, तर कापसाच्या रानातून तो आवाज आला. तोच. कालव्याच्या भरावावर काका उभे होते, हात पाठीमागं, मान वर, आणि समोरच्या पांढऱ्याशुभ्र रानाला उद्देशून एकेका जुन्या पक्षकाराचा पुकारा करत होते. गावाचं नाव, बापाचं नाव, तीन-तीनदा. त्यांतले निम्मे मेलेले असणार. कापूस वेचणाऱ्या बायका वेचणं सोडून उभ्या राहिल्या होत्या. एका नावाला तिकडून एक म्हातारी घाबरून ओरडली, "ते वारले हो! मी त्यांची मालकीन हाय! काय झालं?"

काकांनी तिला हात जोडले. मग मी दिसलो.

"बाभळीपासून तीन किलोमीटर हाय," ते म्हणाले. "सायकलनं मोजून आलो. इथून ऐकू जात न्हाई." आणि सायकल उचलता उचलता, "घरी सांगू नका."

आम्ही दोघं सायकली हातात धरून परत निघालो. गावाच्या वेशीपर्यंत ते पोटभर बोलले. सगळं बोलणं एकाच गोष्टीवर. रखमाजीनं बोलावलं आणि ती गेलीच नाहीत तर? किंवा गेली आणि रानात लांडगा आला, त्यानं इशारा केला, आणि ती भलत्याच आवाजाची वाट बघत उभी राहिली तर? "त्याची मेंढरं मी मारली म्हणायची," काका म्हणाले. वेस आली, गप्प झाले.

होळीनंतर चार-पाच दिवसांनी रखमाजी आला. औषधवाले स्वीटीला केव्हाच घेऊन गेले होते, टायगर निवडून आलेल्या सभापतींकडं परतला होता. काळ्या तेवढा होता, बाभळीच्या दोघांत तिसरा होऊन बसायचा. रखमाजी काठी टेकत चालत होता, मागं मेव्हणा, आणि त्याच्यामागं रस्ता भरून मेंढरं. तो अंगणात आला नाही. रस्त्याच्या पलीकडं थांबला. गल्ली गोळा झाली होती. हॉटेलवाल्यानं भट्टी सोडली होती.

काका ओट्यावर होते. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. रखमाजीनं त्यांच्याकडं पाहून हात वर केला, मग टाळूला जीभ लावून एक आवाज काढला. ट्रर्र. बस, एवढाच.

दोघांचे कान उभे राहिले. साडेतीन कान. पण ती उठली नाहीत. कानतुटक्यानं मान वळवून ओट्याकडं पाहिलं. काकांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. डोळेही मिटले. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या, त्यांनीही श्वास घेतला नसावा. मी तर नव्हताच घेतला.

रखमाजीनं पुन्हा आवाज काढला नाही. त्यानं नुसती पाठ फिरवली आणि काठी टेकत चालायला लागला.

ती दोघं उठली. अंग झाडलं. रस्ता ओलांडला, एक मेंढरांच्या डाव्या अंगाला गेलं, एक उजव्या. कानतुटक्यानं एक कोकरू रस्त्याच्या मधे आलं होतं ते नाकानं ढोसून आत घातलं. चार महिन्यांत काही झालंच नव्हतं, असं. काळ्या कुंपणापर्यंत धावला आणि तिथंच राहिला.

रखमाजीनं जरा पुढं जाऊन वळून आवाज दिला, "काका, जशी दिलती तशीच हायेत बगा! एक केस इकडचा तिकडं न्हाई! लई उपकार!"

काकांनी मान हलवली, कोर्टाला शोभेल इतकीच. त्यांनी डोळे उघडले होते, चेहऱ्यावर चार महिन्यांचं ओझं उतरल्याची खूण होती. गल्लीतली माणसं 'वा, वा' करत होती. मेंढरांचा धुरळा पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. दोन्ही कुत्री आपापल्या बाजूला, ताठ शेपट्यांची, सरळ पुढं बघत चाललेली. टाकी आली, वळण आलं. काका ओट्याच्या अगदी कडेला आले, छाती भरली, आणि एकतीस वर्षांत त्या व्हरांड्यानं ऐकला नसेल अशा आवाजात ओरडले, "अरे, एकदा तरी मागं वळून बघा की रे, हरामखोरांनो!"